कुत्र्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलंय: ऑपरेशन करावं की थांबावं?

उंबरठा (धागाकर्ती)

आमच्या बंड्याच्या उजव्या मागच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलंय. लॅब्रेडॉरचा संकर, साडेसहा वर्षांचा, वजन 34 किलो. पडणं, धडकणं असं काहीच झालेलं नाही. गेले काही महिने झोपेतून उठला की चार पावलं लंगडायचा आणि मग सुरळीत चालायचा. आता पाय टेकवतच नाही. उभा राहिला की त्या पायाची नुसती बोटं जमिनीला लावून ठेवतो. बसताना तो पाय बाहेर फेकून एका कुल्ल्यावर बसतो.

दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले टीपीएलओ करा, म्हणजे हाड कापून प्लेट बसवायची. दुसरे म्हणाले एवढं कशाला, बाहेरून दोरा घालून गुडघा आवळून देतो. घरात तिसरं मत सासऱ्यांचं: मुकं जनावर आहे, दोन महिने बांधून ठेवा, आपोआप भरून येईल.

मला मुळात हेच कळत नाही की तुटलंय लिगामेंट, तर हाड का कापायचं? ज्यांची कुत्री यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय.

खडूस_बोका

काही सांगण्यासारखं नाही, पण आमच्या भूभूची लक्षणं डिट्टो हीच आहेत. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

चौपायी

मी पशुवैद्य आहे. बंड्याला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

हाड का कापायचं? माणसाच्या नडगीचा वरचा पृष्ठभाग बऱ्यापैकी सपाट असतो. कुत्र्याचा मागच्या बाजूला उतरता असतो, सरासरी 25 अंशांच्या आसपास. कुत्र्याने पायावर भार टाकला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू बघतं आणि नडगी पुढे सटकते. ही घसरण दर पावलाला रोखून धरायची ड्युटी या लिगामेंटची. ते गेलं की दर पावलाला गुडघा सटकतो. टीपीएलओत नडगीचा वरचा भाग गोल पात्याच्या करवतीने कापून फिरवतात, उतार साधारण 5 अंशांवर आणतात आणि हाड जुळेपर्यंत प्लेट-स्क्रूने धरून ठेवतात. लिगामेंट जोडायच्या भानगडीत कुणी पडत नाही. उतारच काढून टाकला की चालताना त्याचं काम उरत नाही. अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम यांनी 1993 मध्ये ही पद्धत मांडली. टीटीए म्हणून दुसरी एक पद्धत झुरिकमध्ये निघाली. त्यातही हाड कापतात, पण पुढचा उंचवटा पुढे सरकवून वाटीखालच्या स्नायुबंधाच्या ओढीची दिशा बदलतात.

दोऱ्याची पद्धत याहून जुनी. मांडीच्या हाडामागे एक वाटाण्याएवढं हाड असतं, त्याच्या मागून जाड नायलॉन घेऊन नडगीत पाडलेल्या छिद्रातून ओवतात आणि आवळतात. हा दोरा जन्मभर टिकत नाही, टिकावा अशी अपेक्षाही नसते. तो धरून आहे तोवर सांध्याभोवती जाड तंतुमय आवरण तयार होतं आणि पुढे तेच गुडघा सांभाळतं. लहान चणीच्या कुत्र्यांना हे छान मानवतं. 34 किलोच्या धसमुसळ्या गड्याच्या बाबतीत आवरण तयार व्हायच्या आधीच दोरा सैल पडायची भीती जास्त.

आता सासरेबुवांचं मत. 1984 चा एक अभ्यास अजूनही सगळे दाखल्याला घेतात. ऑपरेशन न केलेल्या कुत्र्यांपैकी 15 किलोखालची सुमारे 85 टक्के सुधारली आणि 15 किलोवरची जेमतेम 19 टक्के. त्यामुळे सासरे सरसकट चूक नाहीत, वजनाच्या काट्यावर चूक आहेत.

अपघात आठवत नाही हेही नेहमीचंच. माणसात हे लिगामेंट खेळताना फटक्यात तुटतं. कुत्र्यात बहुतेक वेळा ते जुन्या सुतळीसारखं महिनोन्महिने पदर पदर उसवत जातं आणि शेवटचा पदर एखाद्या साध्या उडीत तुटतो. म्हणून दुसऱ्या गुडघ्याकडेही आत्तापासून लक्ष ठेवा. एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा पुढेमागे दुसराही जातो.

खडूस_बोका

@चौपायी, आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि लिगामेंट ठीक दिसतंय म्हणाले.

चौपायी

एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही. दिसतं ते सांध्यात साचलेलं पाणी, हाडाच्या कडांना फुटलेले कंगोरे, आणि टीपीएलओसाठी मोजायचा तो उतार. निदान हाताने होतं: मांडी धरून नडगी पुढे सरकते का ते बघायचं. घाबरलेलं दणकट कुत्रं पाय असा ताठ करतं की काही कळत नाही, म्हणून हलकी गुंगी देऊन बघतात. अर्धवट तुटलेलं असेल तर तेव्हाही नडगी फारशी सरकत नाही. गुंगी देऊन पुन्हा तपासा म्हणावं.

कडूगोड

थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या म्हातारीचं (मोठी जात, दहा वर्षांची, हृदयाचं दुखणं) आम्ही ऑपरेशन केलं नाही आणि ती व्यवस्थित चालते. पळत नाही, पण तशी ती आधीही पळत नव्हती.

1984 चे आकडे सगळे फेकतात, पण 2013 मध्ये 40 लठ्ठ कुत्र्यांवर एक अभ्यास झालाय. निम्म्यांचं टीपीएलओ, निम्म्यांचं काही नाही. वर्षअखेरीस ऑपरेशनवाल्यांपैकी 75 टक्के यशस्वी, बाकीच्यांपैकी जवळपास 64 टक्के. म्हणजे ऑपरेशन सरस, पण विनाऑपरेशन कुत्रं कायमचं लंगडं ही हूल आहे. वय, हृदय, मूत्रपिंड, भूल सोसण्याची ताकद हे सगळं बघून ठरवा. डॉक्टर लगेच तारीख देतात म्हणून लगेच होकार द्यायलाच हवा असं नाही. काही दिवस विचाराला घेतलेत तर फार काही बिघडत नाही.

चौपायी

@कडूगोड, आकडे बरोबर आहेत. फक्त त्या ऑपरेशन न केलेल्या गटालाही फिजिओ, वेदनाशामक आणि वजन उतरवायचा कार्यक्रम होता. लोक '64 टक्के' तेवढं ऐकतात आणि कुत्र्याला गॅलरीत बांधून ठेवतात. सहाव्या महिन्याचे आकडे बघितले तर दोन गटांत बरीच मोठी तफावत होती, हेही सांगायला हवं. तुमच्या म्हातारीच्या बाबतीत मात्र मीही कदाचित हेच सुचवलं असतं.

झिपरी

आमची चिंगी सात किलोची. ऑपरेशन नाही, सक्त आराम, वजन उतरवलं, औषधं. चार महिन्यांत पूर्ववत. छोट्या कुत्र्यांच्या पालकांनी आधी हे करून बघायला हरकत नाही. दोनेक महिन्यांत काहीच फरक नसेल तर मग ऑपरेशनचं बघावं. इति लेखनसीमा.

तिरपी_रेघ

कुणी मेनिस्कसचं बोललं नाही म्हणून लिहिते. गुडघ्याच्या आत दोन कूर्चेच्या गाद्या असतात. लिगामेंट तुटलं की दर पावलाला सटकणाऱ्या हाडाखाली आतल्या बाजूची गादी चिरडली जाते. आमच्या कुत्र्याच्या बाबतीत जिना चढताना गुडघ्यातून 'टक' असा आवाज यायला लागला होता. हात ठेवला तर आवाज बोटांना जाणवायचा. सांधा उघडल्यावर गादीचा मागचा तुकडा दुमडलेला निघाला, तो कापून काढावा लागला. त्यानंतर त्याचं दुखणं लक्षणीय कमी झालं.

थांबायचं ठरवलंत तर हा आवाज आणि अचानक वाढलेलं लंगडणं यावर नजर ठेवा. फाटलेली गादी आराम करून जुळत नाही. आणि ऑपरेशन करणार असाल तर 'सांधा उघडून किंवा दुर्बिणीने गादी तपासणार ना?' हे आधीच विचारा.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. चौपायी, हाड कापायचं कोडं एकदाचं सुटलं. कडूगोड, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला, त्यांनी फक्त तुमचाच प्रतिसाद मान्य केलाय. :)

आता प्रश्न असा की टीपीएलओ की टीटीए? आणि नंतरचं सगळं कसं निभवायचं? आम्ही दोघंही नोकरीवाले, वर जिना, घरभर गुळगुळीत फरशी.

रानवाट

नंतरचं कसं निभवायचं हाच खरा प्रश्न, म्हणून जरा पाल्हाळ लावते. आमच्या दांडगटाचं टीपीएलओ झालंय. ऑपरेशनची चिंता तुम्ही एक दिवस करता, ती डॉक्टरांची जबाबदारी. पुढचे आठ आठवडे तुमची. माझं स्पष्ट मत: पद्धतीच्या नावावर डोकं फोडण्यापेक्षा दोन गोष्टी बघा. सर्जनचा हात त्या पद्धतीवर किती बसलाय, आणि तुमचं घर आठ आठवडे एका जागी बसलेलं कुत्रं सांभाळू शकतं का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर आधी ती व्यवस्था लावा आणि मग तारीख घ्या.

जागा: मोठा पिंजरा किंवा मुलांचं प्लेपेन. कुत्र्याला उभं राहून वळता यावं, दोन ढांगा टाकून उडी घेता येऊ नये, एवढी. आतमध्ये न सरकणारं अंथरूण. पिंजऱ्यापासून दारापर्यंत रबरी पाठीच्या सतरंज्यांची सलग वाट. फरशीचा एक चौकोन मोकळा राहिला तर कुत्रं नेमकं तिथेच घसरतं. पिंजऱ्याची सवय ऑपरेशनच्या आधीच लावायला घ्या. टाके पडलेल्या, भेदरलेल्या कुत्र्याला पहिल्यांदा कोंडलंत तर ते दार खरवडून काढेल.

शी-सू: पट्टा लावूनच, जवळच, झालं की परत. पोटाखालून जाड टॉवेल घेऊन मागचा भार आपण उचलायचा. टॉवेल नराच्या बाबतीत नेमका नको तिथे येतो, मग तो सू करत नाही आणि आपण काळजी करत बसतो. टॉवेल थोडा पुढे, बरगड्यांकडे घ्या. जिना उतरताना कुणीतरी दोघं लागतात, 34 किलो एकट्याने उचलायला जाऊ नका.

पहिल्या काही दिवसांत सूज खाली उतरून घोट्याशी पाण्याची पिशवी लटकल्यासारखी दिसते. आमची पाचावर धारण बसली होती. ती सूज गुरुत्वाने खाली आलेली असते आणि ओसरते. कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, डॉक्टरांनी सांगितलं असेल तोवर. मात्र टाक्यांतून पाणी किंवा पू येणं, जखम गरम लागणं, किंवा टेकवायला लागलेला पाय पुन्हा उचलून धरणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन टाके निघेपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस, काढायचा नाही. बिचारा दिसतो, मान्य. पाच मिनिटं चाटून जखम उघडते आणि जंतू प्लेटपर्यंत पोचले तर हाड जुळल्यावर प्लेट काढायला दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं.

सगळ्यात कठीण पहिला आठवडा नसतो. कठीण असतो तिसरा-चौथा. पाय टेकतोय, दुखत नाही, अंगात मस्ती आलीये, आणि आतलं हाड अजून जुळायचंय! याच काळात लोक म्हणतात, 'बघा, किती छान चालतोय, जरा सोडूया.' नाही सोडायचं. सोफ्यावर नाही, पाहुणे आले म्हणून दाराकडे नाही, दुसऱ्या कुत्र्याशी तर मुळीच नाही. फारच धिंगाणा घालत असेल तर डॉक्टर शांत ठेवणाऱ्या गोळ्या देतात, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. डोक्याला काम द्या: टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावणं, चघळायची खेळणी, बसल्या बसल्या शिकायच्या युक्त्या.

चालणं डॉक्टर सांगतील तसं. आम्हाला सुरुवातीला पाचच मिनिटं, पट्ट्यावर, अगदी सावकाश, आणि मग दर आठवड्याला थोडं वाढवत. सावकाश का, तर जोरात चाललं की कुत्रं तीन पायांवर उड्या मारत जातं आणि चौथा पाय वापरतच नाही. हळू चाललं तर त्याला तो टेकवावाच लागतो.

चौपायी

रानवाट यांचा प्रतिसाद माझ्या पेशंटना छापून द्यावा म्हणतो, परवानगी असेल तर.

गोळ्यांची भर घालतो. माणसांची वेदनाशामकं, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, कुत्र्याला देऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. कुत्र्यांसाठीची कार्प्रोफेन, मेलॉक्झिकॅम, फिरोकॉक्सिब अशी औषधं डॉक्टर वजनावर मात्रा मोजून देतात. त्यांच्या जोडीला स्टेरॉइड चालत नाही. आधीपासून काही चालू असेल तर सांगा. उलटी, काळी शी किंवा खाणं सोडलं तर गोळी थांबवून फोन.

टीपीएलओ की टीटीए? मोठ्या कुत्र्यांत सध्या बऱ्याच सर्जनचा कल टीपीएलओकडे आहे, कारण पळताना पायावर भार टाकण्याच्या मोजमापात ती सरस दिसलीये. पण टीटीएवर हात बसलेला सर्जन नवख्या टीपीएलओवाल्यापेक्षा मी केव्हाही पसंत करेन.

नाकासमोर

ब्रेसचं काय? माणसांना असतो तसा पट्टा मिळतो म्हणे. ऑपरेशन टळेल का?

चौपायी

त्याला भक्कम पुरावा नाही. कुत्र्याची मांडी वर रुंद, खाली निमुळती, ब्रेस घसरतो आणि कातडी सोलवटते. भूल देताच येत नाही अशा कुत्र्याला आधार म्हणून वापरता येईल. सटकणारी नडगी तो रोखून धरेल अशी आशा ठेवू नका.

कडूगोड

आणि वजन! अख्ख्या धाग्यात हे कुणी ठासून सांगितलेलं नाही. 34 किलोचा लॅब-संकर लठ्ठ आहे की उंच, हे आपल्याला माहीत नाही. उंबरठाताई, बरगड्यांवरून हात फिरवा. दाब न देता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. 48 लॅब्रेडॉरवर जन्मापासून मरेपर्यंत चाललेला एक अभ्यास आहे, 2002 साली आला. ज्यांना जोडी लावलेल्या भावंडापेक्षा 25 टक्के कमी खायला घातलं, ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्या सांध्यांची झीजही उशिरा सुरू झाली. ऑपरेशन करा किंवा नका करू, गुडघ्यात संधिवात थोडाफार येणारच. तो किती छळेल हे बऱ्याच अंशी वजनावर आहे. आणि पिंजऱ्यात बसलेल्या कुत्र्याला नेहमीएवढंच खायला घातलं तर आठ आठवड्यांत तो गोल होणार, हे वेगळं सांगायला नको.

उंबरठा

बरगड्या शोधल्या. खूप खोल सापडल्या. :(

निर्णय झालाय: टीपीएलओ. कारणं लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. बंड्या तरुण आहे, रक्ततपासणी ठीक आहे, वजन 15 किलोच्या कितीतरी वर आहे, आणि तपासताना गुडघ्यात 'टक' वाजलं, म्हणजे गादीचीही शंका आहे. ज्या सर्जनकडे करतोय त्यांना धाग्यातले सगळे प्रश्न विचारले. गादी तपासणार, जंतुसंसर्ग झाला तर काय करणार तेही नीट सांगितलं, आठव्या आठवड्याचा एक्स-रे त्यांच्याच योजनेत आहे. 'तुमच्या हातून बिघडलेल्या केसेस किती?' हे विचारताना जीभ अडखळली, पण ते अजिबात चिडले नाहीत. तिथेच माझं मन ठरलं. आधीच्या एका ठिकाणी हाच प्रश्न विचारल्यावर 'तुम्हाला विश्वास नसेल तर दुसरीकडे जा' असं ऐकलं होतं. गेलो दुसरीकडे.

पहिले दोन आठवडे आम्ही आळीपाळीने घरून काम करणार. सासऱ्यांनी दुपारची पाळी स्वतःहून मागून घेतलीये.

झिपरी

शुभेच्छा! बंड्याच्या कानामागे माझ्यातर्फे खाजवा.

उंबरठा

उशिरा अपडेट देतेय, क्षमस्व. आठव्या आठवड्याचा एक्स-रे झाला, हाड छान जुळलंय. गादी खरोखरच फाटलेली निघाली होती, तेवढा तुकडा काढलाय. पायावर पूर्ण भार टाकतो. मात्र ऑपरेशन झालेली मांडी दुसरीपेक्षा हाताला स्पष्ट बारीक लागते आणि त्या पायाची नखं लांब वाढली आहेत, कारण इतके दिवस ती जमिनीला घासलीच नाहीत. फिजिओने बस-ऊठ करायला लावलंय, पण पाय बाहेर न फेकता, सरळ बसला तरच मोजायचं. शिवाय जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठ्या ओलांडत चालणं. पाण्यातला ट्रेडमिलही दाखवला, बंड्याने त्यात बसून घेतलं आणि चालायला साफ नकार दिला.

रानवाटताई, तिसऱ्या आठवड्याबद्दल शब्दन् शब्द खरा. सासरे एकदा 'जरा मोकळा सोडू का' म्हणाले, तेव्हा तुमचा परिच्छेद वाचून दाखवला.

खडूस_बोका

आमचंही गुंगी देऊन तपासलं, अर्धवट तुटलेलं निघालं. पुढच्या आठवड्यात टीपीएलओ. एक शंका: प्लेट पुढे काढावी लागते का?

चौपायी

त्रास देत नसेल तर नाही, जन्मभर तशीच राहते. जंतुसंसर्ग वारंवार व्हायला लागला किंवा स्क्रू सैल होऊन खुपायला लागला तर हाड जुळल्यानंतर काढतात. तुमच्या कुत्र्याच्या अंगावर सध्या खाज, पुरळ, फोड काही असेल तर ऑपरेशनच्या आधी बरं करून घ्या. कातडीवरचे जंतूच बऱ्याचदा जखमेत जातात. असेल तर तारीख पुढे ढकला.

खडूस_बोका

पोटावर पुरळ आहे. आत्ताच फोन करतो.